ओढ्यापलीकडची भट्टी

चुनारवाडीचा ओढा ओलांडला की काटेरी झुडपांत एक पडकी चुनाभट्टी दिसते. दगड चांगले घडीव आहेत, पण वाडीतला कुणी त्यातला एकही घराला लावत नाही. पाहुण्यांनी कारण विचारलं, तर म्हातारी माणसं आधी त्यांना तिथून बाजूला नेतात आणि मग सांगतात.

फार मागे वाडीत पटकीची साथ आली. चुना भाजून पोट भरणारी माणसं ती, औषधपाणी कुठलं? घरंच्या घरं ओस पडली. आईबाप गेलेली पोरं दारोदार फिरू लागली, तेव्हा बहिरू मुकादम म्हणाला, "यांच्या अंगावर मरी बसलीय. ओढ्यापलीकडं घाला." पोरांना पडक्या भट्टीत नेऊन सोडलं. त्यांत वाडीतल्या साळूची भाची होती, ठकू. साळूच्या घरात तिची स्वतःची दोन लेकरं होती. नेताना वाटेत ठकूनं तिच्या दाराची कडी वाजवली, "आत्या, मी हाय," म्हणाली. साळू आतून दाराला पाठ लावून बसून राहिली.

साथ ओसरली, आणि वाडीतला विस्तव विझला, असं सांगतात. चूल पेटेना. गारगोटीची ठिणगी कापसावर पडे आणि काळी होई. शेजारच्या गावाहून आणलेले निखारे वेशीत येताच राख होत. भट्ट्या गार पडल्या. लेकरं भिजवलेले दाणे चावून दिवस काढू लागली. आणि रोज दिवस मावळताना ओढ्यापलीकडच्या भट्टीतून मात्र धूर निघे. लाकूड ना कोळसा, ती पोरं काय जाळत होती कोण जाणे. तिकडे बघायची कुणाची छाती होईना.

शेवटी साळूच उठली. खापर घेऊन ओढा उतरली. भट्टीच्या तोंडाशी पोरं विस्तवाभोवती बसली होती.  

"ठके, निखारा दे बाई," ती म्हणाली.

ठकूनं खापर भरून दिलं. ओढ्याच्या मध्यावर निखारा विझला. साळू परत फिरली, ठकूचा हात धरला. "चल घरी. चुकले मी."

ठकूनं हात सोडवून घेतला. "सगळ्यांना नेणार असशील तर येते."

साळू वाडीत आली आणि चावडीपुढं उभी राहिली. मुकादम ओरडला, "मरी घरात घ्यायची?" ती म्हणाली, "मग बसा गार चुलीपाशी. मी तिकडंच राहते पोरांत." ती आपल्या लेकरांना घेऊन निघाली, तशी एकेक बाई तिच्यामागं निघाली. मुकादमाची बायकोही निघाली.

परतताना एकेका पोरानं निखारा हातात घेतला आणि या वेळी ओढ्यात एकही विझला नाही, असं म्हणतात. पण विस्तवाशेजारी एक लहानगं पडून राहिलं होतं. हलवलं तर अंग गार. साळूनं विचारलं, "नाव काय याचं?" पोरं एकमेकांकडं बघू लागली. कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याला तिथंच पुरलं. साळूनं त्या मातीवर हात ठेवून, यापुढं एकही पोर दाराबाहेर राहणार नाही अशी शपथ घेतली, आणि तीच शपथ पुढं सगळ्या वाडीची झाली.

आजही चुनारवाडीत पोरकं पोर एका घराचं नसतं. ते आज इथं जेवतं, उद्या तिथं निजतं, आणि त्याला कपडा, पाटी-दप्तर सगळी आळी मिळून करते. संध्याकाळी चूल पेटवण्याआधी घरची बाई उंबऱ्यात येऊन हाक देते, "कुणाचं पोर उपाशी हाय का गं?" शेजारणीचं उत्तर आल्याशिवाय ती काडी ओढत नाही.

एखाद्या संध्याकाळी काडी पेटतच नाही. दमट असेल, पाहुणे म्हणतात. बायका कालवलेलं पीठ तसंच झाकून ठेवतात, पदर खोचतात आणि बोळाबोळांतून शोधायला निघतात.