ओव्यांच्या पुस्तकाची चोरी

शनिवार, सकाळचे अकरा. लोकसाहित्य परिषदेच्या मांडवातलं पुस्तक प्रदर्शन.

परिषदेचे अध्यक्ष डॉ. यशोधन राजोपाध्ये एका स्टॉलपुढे कडाडले, "हे ओव्यांचं पुस्तक माझ्या ग्रंथातून चोरलंय. स्टॉल बंद करा!"

स्टॉल निवृत्त शिक्षिका जुबेदा तांबोळींचा. पदरमोड करून काढलेल्या पुस्तकाची नवी आवृत्ती त्यांनी मांडली होती. बाई रडकुंडीला आल्या.

प्रदर्शनाच्या संयोजक प्रा. वैजयंती कांडलकर म्हणाल्या, "सर, थोडंफार साम्य असेल."

"थोडंफार? शब्दन् शब्द माझा आहे!" अध्यक्षांनी जमलेल्या प्राध्यापकांनाही ऐकवलं.

कांडलकरांनी शेजारच्या स्टॉलवरून अध्यक्षांचा ग्रंथ आणला आणि दोन्ही पुस्तकं उघडली. "सर, यांची पहिली आवृत्ती तुमच्या ग्रंथाच्या आठ वर्षं आधीची आहे. म्हणजे तुम्ही लिहायच्या आधीच यांनी तुमचं चोरलं. भलत्याच पोचलेल्या निघाल्या बाई! तेवढी तक्रार लिहून द्या, लगेच स्टॉल बंद करते."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. अध्यक्षांना एकाएकी चहाची आठवण झाली. ग्रंथ विद्यार्थ्यांकडून लिहवून घेतला की मालकालाच ठाऊक नसतं, त्यात कुणाचं काय आलंय!

स्टॉल शेवटपर्यंत चालला. त्या ग्रंथाला परिषदेनेच दिलेला पुरस्कार मात्र अजून अध्यक्षांच्या दिवाणखान्यात आहे, आणि तो परत का घेतला नाही, हे परिषदेतलं कुणीही सांगत नाही.