केवड्याच्या वासाचा राजा

फार पूर्वी कांचनावती नगरात विश्वजित राजा सुखाने राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व हत्तीच्या कुळात जन्माला आले होते. राजा स्वभावाने वाईट नव्हता. आपल्या नगरात त्याने कधी कोणाला चापटसुद्धा मारली नाही. चापटा मारायला त्याने शेजारच्या देशांत माणसे ठेवली होती.

डोंगरापलीकडे ताम्रखोरे नावाचा लहान देश होता. तिथे तांब्याच्या खाणी होत्या. तिथली रीत अशी, की राजा मेला की घराघरांतून सगळ्यांनी मैदानात जमायचे. मग हत्तीच्या सोंडेत हार द्यायचा. हत्ती ज्याच्या गळ्यात तो घालील तो राजा. प्रजा हजर नसेल तर निवड खोटी. आणि एकदा राजा झाला, की त्याने मरेपर्यंत खोऱ्याची वेस ओलांडायची नाही.

विश्वजिताचा अमात्य सोमिल मोठा हुशार होता. तो म्हणाला, "महाराज, तांब्यासाठी लढाई कशाला? आपण त्यांना हत्तीच भेट देऊ."

राजाच्या हत्तीशाळेतल्या बोधिसत्त्वांना मग लहानपणापासून शिकवले गेले: केवड्याचा वास आला की हार घालायचा, हार घातला की गूळ मिळायचा. त्यांना तो खेळ वाटे. हसू नका, गूळ कोणाला आवडत नाही? तुम्हीही कोणाचा तरी खाल्लाच असेल.

खोऱ्यातला म्हातारा राजा मेला. भेट आलेला हत्ती मैदानात उभा राहिला. गर्दीत सोमिलाने आधीच हेरलेला दंडक नावाचा एक रांगडा सरदार केवडा फासून तयारच होता. हार त्याच्या गळ्यात पडला आणि सोमिलाने लगेच दवंडी पिटवली: "ही देवाची निवड. हत्तीने घातलेला हार जो माणूस काढील, त्याचे मुंडके उडेल." लोकांनी फुले उधळली.

दंडकाने तांबे स्वस्तात धाडले, आणि खाणीत जो थकून बसला त्याचे हात तोडले. कांचनावतीत देवळांना नवे कळस चढले. तिथले पंडित पान लावता लावता म्हणत, "त्या लोकांना असाच कडक राजा मानवतो हो."

खोऱ्यात रेवा नावाची बाई बोधिसत्त्वांना चारा घालायची. तिच्या नवऱ्याचे आधी हात गेले, मग तो गेला. एके दिवशी भारा टाकून ती म्हणाली, "खा बाबा. राजा बरा शोधलास आम्हाला."

त्या दिवशी बोधिसत्त्वांनी चाऱ्याला सोंड लावली नाही.

पुढे दंडक मेला. लढाईत नव्हे, पलंगावरून पडून. सोमिल ताबडतोब हजर झाला. बरोबर दंडकाचा मेहुणा वज्रबाहू होता, केवड्यात बुडवून काढल्यासारखा. हत्तीचा माहूत भद्रक बोधिसत्त्वांच्या कानाशी कुजबुजला, "दादा, वास येईल तिकडे घाल आणि मोकळा हो. नाहीतर हे धनुर्धारी तुला सोडायचे नाहीत."

"भद्रका, तू बाजूला हो," बोधिसत्त्व म्हणाले. "गूळ मी खाल्ला होता, तू नाही."

हार घेऊन ते संथ चालत निघाले. वज्रबाहूने मान पुढे केली. ते त्याच्या पुढून गेले, सोमिलाच्या आसनापाशी थांबले आणि हार त्याच्या गळ्यात घातला.

सोमिलाने हाराला हात घातला, तशी रेवा पुढे आली. "हां, महाराज, काढू नका. मुंडके उडेल. दवंडी तुमचीच आहे."

"अगं बाई, मी इथला नाही!"

"राज्य तर तुमचेच चालते ना?"

मागून कोणीतरी हसले. त्या खोऱ्यात कित्येक वर्षांनी कोणी हसले होते.

सोमिलाला मारावे तर विश्वजित रागावणार, म्हणून वज्रबाहूने आपला राग हत्तीवर काढला. बाण लागत राहिले. बोधिसत्त्व गुडघ्यांवर बसले, त्यांनी एकदा रेवेकडे पाहिले, आणि मनात राग न आणता प्राण सोडले.

कांचनावतीत बातमी गेली. विश्वजित म्हणाला, "सोमिल तिथे राजा झाला? छान. तांबे येते आहे ना?"

काही काळ आले. पण सोमिलाला आता वेस ओलांडता येईना, आणि रोजचे जेवण त्याच लोकांच्या हातचे. घासात विष असेल या भीतीने त्याने खाणीचे काम हलके केले. तांबे कमी झाले. मग कुठे विश्वजिताला कळले, की सोमिल फार जुलमी आहे. त्याने प्रजेला सोडवण्यासाठी सैन्य पाठवले. सोमिल मारला गेला. गावे जळाली. रेवाही त्यात गेली.

सैन्याबरोबर नवा हत्ती होता आणि केवडा लावलेला नवा माणूस होता. पण या वेळी मैदानात खोऱ्यातले कोणीच आले नाही. वाचलेली माणसे जळक्या घरांच्या दारांत बसून राहिली. हत्ती रिकाम्या मैदानात फिरत राहिला आणि हार त्याच्या सोंडेतच वाळून गेला.

ही कथा सांगून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा भद्रक म्हणजे आजचा आनंद. रेवा म्हणजे भिक्षुणी उत्पलवर्णा. सोमिल म्हणजे देवदत्त. आणि तो हत्ती मीच होतो."

एका भिक्षूने विचारले, "भंते, विश्वजित राजा?"

"तो अजून राज्य करतो आहे."

"आणि पहिल्या वेळी फुले उधळणारे?"

शास्त्यांनी सभेवरून सावकाश नजर फिरवली. जिथे जिथे ती गेली, तिथे तिथे माना खाली गेल्या.

ज्याचे राज्य आहे त्याच्याच गळ्यात हार घालणे, मग समोर बाण असोत, याला सत्यपारमिता म्हणतात.