मिटल्या डोळ्याचं कासव

एक होतं बेट. एवढंसं, बरं का. या टोकाला कुणी शिंकलं की त्या टोकाला ऐकू जायचं. सगळीकडून समुद्र, मध्ये नारळाची झाडं आणि झावळ्यांनी शाकारलेल्या झोपड्या. तिथे कूना नावाचे लोक राहायचे. राघू, पाय पांघरुणात घे.

त्यांच्या बायका मोला शिवायच्या. मोला म्हणजे चोळीला पुढून आणि मागून लावायचं नक्षीचं कापड. आपण काय करतो, फाटलं की वरून ठिगळ लावतो. त्यांचं उलटं. रंगीत कापडं एकावर एक ठेवायची. मग वरचं कापायचं, कडा आत दुमडायच्या, बारीक टाके घालायचे, की खालचा रंग वर डोकावतो. कात्री जरा खोल गेली की सगळं वाया.

तर त्या बेटावर इनादी नावाची मुलगी होती. तिनं आईसाठी पहिली चोळी शिवायला घेतली. लाल, पिवळं, काळं अशी तीन कापडं. पुढे कासव, मागे कासव. पावसाळाभर मान खाली घालून बसली. बोटांची चाळण झाली.

बेटावर सगळ्यात म्हातारी होती तिला मू म्हणायचे. मू म्हणजे त्यांच्याकडची आजी. ती आली, चोळी बघितली, म्हणाली, "छान झालंय. पण पोरी, पुढची आणि मागची नक्षी बहिणी असू देत. एकच बाई नको. कुठेतरी फरक ठेव. रीत आहे आपली."

इनादीनं मान हलवली. मनात म्हणाली, म्हातारीला नीट दिसत नाही, म्हणून तिला वाकडंतिकडं चालतं. मग तिनं दोरीनं मापं घेतली, टाके मोजले. पुढे जितके तितकेच मागे. सगळ्यात अवघड कासवाचा डोळा, तांदळाच्या दाण्याएवढा. दोन्ही डोळे तिनं अगदी सारखे उघडे कापले. हुशार पोरांना कान नसतात, बरं का. मी कुणाचं नाव घेत नाही.

मग आईनं चोळी घातली. तोंडभर कौतुक केलं. रिकामे भोपळे होडीत टाकले आणि पलीकडच्या किनाऱ्यावरच्या नदीचं गोडं पाणी आणायला निघाली. रोजचंच काम. पण होडी मध्यावर गेली आणि गोल फिरायला लागली. समुद्राला कळेना, हिचं तोंड कुठलं आणि पाठ कुठली. पुढे न्यावी की मागे? मग बसला आपला फिरवत. आई वल्हं मारी, होडी फिरे. आई वल्हं थांबवी, तरी होडी फिरे.

चोळी काढून का नाही टाकली? काढणार कशी, राघू? पुढचं कुठलं आणि मागचं कुठलं हेच कळत नव्हतं, तर हात कुठून बाहेर काढायचा? प्रश्न मात्र चांगला विचारलास.

तेवढ्यात वारा सुटला. होडी फिरत फिरत खडकांकडे सरकायला लागली. मग लोकांनी शंख फुंकला. आईला ऐकू गेला, पण आवाज पुढून आला की मागून, ते समजेना. मग इनादीच्या मामानं आपली होडी पाण्यात घातली आणि दोर फेकला. आईनं दोर धरला, तशी मामाचीही होडी फिरायला लागली. शेवटी त्यानं दोर सोडला आणि ओकत ओकत परत आला.

मग इनादीनं मूकडे बघितलं. मी सांगितलं होतं, असं मू म्हणाली नाही. म्हाताऱ्या माणसांना ते फार जड जातं, पण ती नाही म्हणाली. तिनं सुईत दोरा ओवून दिला. "जा," म्हणाली.

इनादीनं सुई दातांत धरली आणि पाण्यात उडी मारली. पोहत गेली, होडीत चढली.

"अगं, खडक बघ केवढा जवळ आलाय. तू परत जा," आई म्हणाली.

"आई, हलू नकोस. आधी शिवते."

मागचं कासव कुठलं, ते तिलाही ओळखू येईना. मग जी बाजू हाताला आली ती तिनं मागची ठरवली. तिथला डोळा शिवायला घेतला. तीन दिवस खपून कापलेला डोळा होता तो. पहिला टाका घातला, होडी हळू झाली. दुसरा घातला, होडी थांबली. तिसरा घातला आणि डोळा मिटला. मग होडी सरळ चालायला लागली. खडक हातभरच लांब राहिला होता.

इनादीला रडू फुटलं. चोळी बिघडली म्हणून नाही. आई वाचली म्हणून. आईनं तिला पोटाशी धरलं. मग म्हणाली, "आता एवढं आलोच आहोत, तर पाणी भरून घेऊ." आणि दोघींनी भोपळे भरून आणले.

आई ती चोळी विटेपर्यंत घालायची. कुणी विचारलं, मागच्या कासवाचा डोळा का गं मिटलेला, तर म्हणायची, "पुढचं बघतंय ना. मग मागच्यानं झोपायला काय हरकत आहे?"

पुढे इनादी म्हातारी झाली. लोक तिलाच मू म्हणायला लागले. तीही पोरींना सांगायची, कुठेतरी फरक ठेवा गं. पोरी मान हलवायच्या. पण सगळी सुखानं राहिली.

झाली गोष्ट. आता मी पुढचं कासव, मी आहे जागी. तुम्ही मागची. मिटा डोळे.