रुमलीच्या आज्यांची वाट

आधीच सांगून ठेवते, या गोष्टीतला राजा चोर होता. हसू नका. असतात राजे चोर.

त्याच्या राज्याच्या टोकाला, डोंगरात, धावणारी माणसं राहायची. कुणाकडे बाळ झालं, कुणी वारलं, की सात डोंगरांपलीकडच्या सोयऱ्यांना सांगावा न्यायचा तो धावत. हे काम रुमलीच्या घराचं. रुमली वाटेवर अनवाणी उभी राहायची आणि म्हणायची, "मी ठेमीची पणती, हुरजीची नात, गेनीची लेक. जाऊ दे गं." त्या तिघीही याच वाटेनं धावलेल्या. मग काय व्हायचं, बरं का, वाट अंग आखडून घ्यायची. सात डोंगर सात ढेकळांएवढे व्हायचे. नेम एकच, वाटेत कुणी पडलं असेल तर त्याला टाकून जायचं नाही.

एकदा काय झालं, राणी आजारी पडली. औषधाची मुळी सातव्या डोंगरावर. घोडे दरीत अडले. मग रुमली धावली आणि दुपारच्या आत मुळी घेऊन आली. राणी उठून बसली. आणि सोन्याचं कडं कुणाला? घोड्याला! रुमलीला काय, तर "चल, बाजूला हो."

मग नदीला पूर आला. रुमली वरून धावत आली, ओरडून शहर जागं केलं. दवंडी कुणाच्या नावाची? सेनापतीच्या. तो तर घोरत होता, आपल्या बंड्यासारखा, तोंड उघडं टाकून.

तिसऱ्यांदा तर कहरच झाला. राजा म्हणाला, "डोंगराची वाट आजपासून माझी. तिथं माझा मुलगा धावेल. डोंगरातल्यांनी विचारल्याशिवाय पाय ठेवायचा नाही." अरे, ज्यांच्या पायांनी वाट पडली, त्यांनी विचारायचं?

रुमली थेट दरबारात गेली. "महाराज, मीही धावते. जिंकले तर वाट आमची."

प्रधान हसला. "पायात वहाण नाही, आणि तोंड बघा हिचं!"

"वहाण तुमच्या फरशीवर घाला, काका. आमच्या वाटेला पाय ओळखायला लागतात."

राजा कबूल झाला. का झाला, माहीत आहे? त्यानं एक कारकून झुडपात बसवून रुमलीचे शब्द उतरवून घेतले होते. नावंसुद्धा चोरली मेल्यानं!

शर्यतीच्या दिवशी राजपुत्र छाती काढून म्हणाला, "मी ठेमीची पणती, हुरजीची नात, गेनीची लेक!"

वाट थबकली. तिनं त्याचे पाय चाचपले. लोण्यासारखे मऊ. मग वाट अशी संतापली, काय सांगू! लागली लांबायला. एक डोंगर संपला की पुढे दोन. दोन संपले की चार.

इकडे रुमली सातव्या डोंगराला शिवून शहराच्या वेशीजवळ आली. शर्यत संपायला दहा पावलं राहिली. तेवढ्यात मागून आवाज आला, "अगं, कुणी आहे का? मेलो मी!"

रुमली चिडली, बरं का. खूप चिडली. पण वळली.

राजपुत्र धुळीत बसला होता. ती म्हणाली, "ऊठ. वाटेला तुझं नाव सांग."

"सांगितलं की."

"ती माझी माणसं. तुझी सांग."

मग तो रडायलाच लागला. "माझ्या घरात कुणीच धावलं नाही गं. आम्ही पालखीत बसतो."

ते ऐकून वाटेचा राग उतरला. ती पुन्हा आखडली. दोघं वेशीपाशी आली. तिथं राजपुत्र आपणहून थांबला. रुमली पुढे गेली.

दवंडीवाल्यानं ढोल बडवला, "राजपुत्र जिंक..."

राजपुत्रानं त्याच्या हातातली काठीच ओढली. "गप्प! ती जिंकली. मुळी तिनं आणली, शहर तिनं वाचवलं, आणि तिच्या आज्यांची नावं आम्ही चोरली."

सगळं शहर ओरडलं, "वाट रुमलीची! वाट रुमलीची!"

राजानं माफी मागितली? छे! दात खात म्हणाला, "घ्या तुमची वाट."

त्याच दिवशी डोंगरात कुणाला तरी मुलगी झाली. रुमली भाकरीचा तुकडा हातात घेऊन निघाली सांगावा द्यायला. कुणाला विचारलं नाही.

मग सगळे सुखात राहिले. राजासुद्धा. त्याचाच तर मला राग येतो. झोपा आता.