शेवटच्या मळ्याचे टोले

एका गावात, जिथं घड्याळ अजून पोचलं नव्हतं, एक घटकेवाला राहत होता.

गावाबाहेर नदीवर दगडी बांध होता. बांधापासून एक पाट निघायचा आणि त्या पाटावर एकामागून एक सहा मळे होते. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत तीस घटका धरायच्या आणि प्रत्येक मळ्याला पाच घटका पाणी द्यायचं, असा गावाचा जुना नेम होता. दिवस मावळला की पाटाच्या तोंडाशी फळी टाकायची. मग पाणी खालच्या गावाचं.

घटका मोजायच्या कशा? बांधावर एक दगडी छत्री होती. तिच्याखाली पाण्यानं भरलेलं घंगाळ आणि त्यात तरंगणारी तांब्याची वाटी. वाटीच्या तळाला बारीक भोक होतं. त्यातून पाणी हळूहळू आत शिरायचं आणि भरलेली वाटी डुबकन बुडायची. बुडाली की घटका झाली. मग घटकेवाल्यानं काशाच्या थाळीवर मोगरीनं एक टोला द्यायचा, वाटी रिकामी करायची आणि पुन्हा पाण्यावर सोडायची. टोला पार शेवटच्या मळ्यापर्यंत ऐकू जायचा. मळेवाले आपापले पाच टोले मोजायचे आणि पाणी पुढच्याला सोडायचे.

काम एवढंच. तुम्ही एकदा करून बघा, तिसऱ्या वाटीलाच जांभई येते.

घटकेवाल्याचा बाप हेच काम करत म्हातारा झाला होता. तो रोज सकाळी वाटी चिंचेनं घासायचा, घोड्याच्या शेपटीचा एक केस भोकातून आरपार ओढायचा आणि मगच वाटी पाण्यावर ठेवायचा. शेजारी त्यानं तीस खडे मांडलेले असायचे. टोला दिला की एक खडा डावीकडून उजवीकडे.

"बाबा, तुम्हाला कंटाळा नाही येत?" असं मुलानं एकदा विचारलं होतं.

"येतो की," बाप म्हणाला होता, "रोज येतो." आणि त्यानं पुढचा खडा सरकवला होता.

बाप गेला. मुलगा छत्रीखाली बसू लागला आणि बसल्या बसल्या त्याचीही चाळिशी उलटली. बांधाकडे कुणी फिरकत नसे. येणार तरी कशाला? पाणी आपल्या पायांनी मळ्यात जायचं, टोला आपल्या पायांनी कानात. सणासुदीला गावात पंगत बसली तरी वाटी सोडून याला उठता येत नसे. कुणीतरी झाकून ठेवलेलं गार जेवण तो दिवस मावळल्यावर एकटाच जेवायचा. कधी कधी तर दोन टोल्यांच्या मधे तो मोठ्यानं काहीतरी बोलायचा, आपला आवाज अजून शाबूत आहे का ते बघायला.

शेवटी त्यानं मन रमवायला एक उद्योग शोधला. नदीकाठच्या लाकडाचे पक्षी कोरायला घेतले. आधी चिमणी, मग खंड्या, मग टिटवी. हात बसला, तशी गोडी लागली. वाटीकडे बघायची गरजच नव्हती, ती बुडाली की आवाज यायचा. मग तो वाटीकडे पाठ करून बसू लागला. डुबकन झालं की मागे हात करून थाळीवर टोला द्यायचा. खडे सरकवणं सुटलं, मळेवाले आपले आपण मोजतातच की! केस ओढणं सुटलं. चिंच तर कधीच सुटली होती. टोला मात्र त्यानं एकही चुकवला नाही, आणि याचा त्याला अभिमान होता.

छत्रीचा कठडा पक्ष्यांनी भरून गेला. त्याला दिवस पुरेना.

एका दुपारी शेवटच्या मळ्यावरची आजी काठी टेकत टेकत सगळा पाट चालून बांधावर आली. ती एकटीच राहायची. वांगी-मिरच्या लावायची आणि त्यावरच तिचं पोट चालायचं. तिच्या पदरात दोन वांगी होती, लिंबाएवढी आणि सुरकुतलेली.

"घे बाबा," ती म्हणाली. "रिकाम्या हातानं कसं यायचं. एक मागणं आहे. थाळी जरा जोरात वाजवत जा."

"जोरात? का गं आजी?"

"माझे कान गेले रे. आधी माझ्या पाळीत पाच टोले यायचे. मग चार ऐकू यायला लागले, मग तीन. आता दोनच. फळी तर दिवस मावळताच पडते, म्हणजे तू पाचही देत असणारच. मलाच ऐकू येत नाहीत."

"आणि पाणी?"

"पाणी उशिरा आल्यासारखं वाटतं, पण डोळेही म्हातारे झालेत, सूर्याचा काय अंदाज धरायचा? वांगी जळाली. माझ्याच हातून काहीतरी चुकत असेल." ती कठड्यावर टेकली. "कीर्तनाला जाणं सोडलंय मी. बायका काही विचारणार आणि मला ऐकू नाही आलं, तर हसतील. त्यापेक्षा घरी बसलेलं बरं. वर्ष झालं बघ, कुणाशी बोलले नाही."

घटकेवाल्याला वाईट वाटलं. वर्षभर न बोलणं म्हणजे काय, हे त्याच्याइतकं गावात कुणाला ठाऊक होतं? तो कोरायला घेतलेल्या घारीच्या पंखावरून पटाशी फिरवत स्वतःशीच पुटपुटला, "माझंही तसंच आहे म्हणायचं."

"तुझं का रे तसं?" आजी म्हणाली. आणि लगेच, "बुडाली बघ तुझी वाटी."

त्यानं सवयीनं टोला दिला. मग त्याचा हात थांबला. वाटी आजीपासून चांगली दहा हात लांब होती, आणि ती बुडाल्याचा आवाज त्याच्या आधी आजीनं ऐकला होता.

त्यानं हळूच विचारलं, "आजी, आज सकाळपासून किती टोले ऐकलेस?"

"हा धरून तेरा. दुसरं काय असतं मला? तेच मोजत बसते."

घटकेवाल्यानं बाहेर बघितलं. छत्रीच्या खांबाची सावली खांबाच्या पायाशी गोळा झाली होती. सूर्य डोक्यावर आला होता. आतापर्यंत पंधरा टोले व्हायला हवे होते.

त्यानं वाटी उचलली आणि उन्हात धरली. लहानपणी बाप ती अशीच धरून दाखवायचा, तेव्हा भोकातून मोहरीच्या दाण्याएवढा गोल उजेड पडायचा. आज त्याची एक कड खाल्ल्यासारखी दिसली. भोवती हिरवट कीट धरलं होतं. पाणी आत शिरायला वेळ लागत होता आणि प्रत्येक घटका थोडीथोडी लांबत गेली होती. पहिल्या पाच मळ्यांना जरा जास्तच पाणी मिळत होतं, म्हणून त्यांच्यातला एकही कधी तक्रार घेऊन आला नव्हता. दिवस मात्र होता तेवढाच राहिला. सगळी तूट जाऊन पडत होती शेवटच्या मळ्यावर.

आता केस ओढला की उद्यापासून तिला पाच टोले मिळतील. तो जोरात वाजवतोय म्हणून ऐकू येतायत, असं समजून ती त्याला आशीर्वादही देईल. कुणाला कळणार आहे? आणि कळलं, तर चाळिशीनंतर याला दुसरं काम कोण देणार?

"वाजवतो आजी, जोरात वाजवतो," तो म्हणाला.

"देव तुझं भलं करो," म्हणून ती उठली आणि पाटाच्या कडेकडेनं परत निघाली. समोरून तिसऱ्या मळ्याची मालकीण येत होती. तिनं हाक मारली. आजीनं ओशाळून हसत कानाकडे बोट दाखवलं आणि मान खाली घालून पुढे गेली.

तेवढं बघवलं नाही त्याला. जन्मात पहिल्यांदाच वाटी तरंगती सोडून तो पळाला.

"आजी, थांब! तुझे कान चांगले आहेत!" पाटाच्या मधोमध, मालकिणीच्या देखत त्यानं सगळं सांगून टाकलं. "टोले पडलेच नाहीत. दोनच पडत होते. मी वर्षभर वाटीकडे बघितलंच नाही. मला त्या कामाचा कंटाळा आला होता."

आजी रागावली नाही. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"कंटाळा मलाही येतो रे," ती म्हणाली. "रोज तण काढायचं, त्यात कसली आलीये मजा? पण वांग्याला पाणी लागतं, माझी करमणूक नाही." मग तिचे डोळे भरून आले. "माझे कान चांगले होते म्हणतोस? आणि मी वर्षभर दार लावून बसले?"

त्यानं गावालाच बोलावणं धाडलं.

गाव जमलं. पहिले पाच मळेवाले जरा कुरकुरले, कारण घटका पुन्हा पहिल्यासारख्या झाल्या तर पाणी त्यांचंच कमी होणार होतं. मग आजीची जळालेली वांगी बघून गप्प झाले. नवी रोपं धरेपर्यंत प्रत्येकानं आपल्या पाळीतली एक घटका तिला द्यायची, असं ठरलं. घटकेवाल्याला काढायचा विषयही निघाला. पण बसतो कोण त्या छत्रीखाली? सगळे एकमेकांकडे बघायला लागले आणि विषय तिथंच राहिला. मात्र तिसऱ्या मळ्याच्या मालकिणीनं आजीचा हात धरला आणि त्याच संध्याकाळी तिला कीर्तनाला नेलं.

घटकेवाला दुसऱ्या दिवशी पहाटे बांधावर आला. वाटी चिंचेनं घासली, केस आरपार ओढला, तीस खडे मांडले. पक्षी गावातल्या पोरांना वाटून टाकले. पुढचे कोरले ते दिवस मावळल्यावर, घरी.

कामात गोडी काही आली नाही. तिसऱ्या वाटीला जांभई यायचीच. छत्रीखाली तेवढंच एकटं वाटायचं. पण पंचविसावा खडा सरकला की तो उठून उभा राहायचा. शेवटच्या मळ्याकडे तोंड करून पाच टोले द्यायचा, एकेक करून, वाटी डोळ्यांनी बुडालेली बघून.

आणि वारा त्या बाजूचा असला, तर पाचव्या टोल्यानंतर लांबून एक बारीक आवाज यायचा. आजी आपला रिकामा हंडा काठीनं एकदा वाजवायची. पोचले, पाचही पोचले, म्हणून.

तात्पर्य: आपल्याला कामात गोडी वाटली तर नशीब, नाही वाटली तरी चालेल, पण पाठ फिरवण्याआधी पाटाच्या शेवटी कोण टोले मोजत बसलंय ते आठवावं.