पाठ झालेली भाषा

खाडी जिथे समुद्राला मिळते, तिथे फार पूर्वी एक गाव होतं. वर्षातून एकदा वारा फिरला की दूरदेशीची गलबतं त्या गावाच्या धक्क्याला लागत. येताना कापड आणत, जाताना मीठ आणि सुकी मासळी नेत. पण त्या लोकांची भाषा गावात कुणालाच येत नसे. सगळा व्यवहार बोटं दाखवून चाले आणि दरवर्षी भांडणं होत. शेवटी गावकऱ्यांनी देवळाच्या ओसरीवर एक शाळा काढली आणि शिकवायला एक शास्त्रीबुवा आणून बसवले.

शास्त्रीबुवांनी ती भाषा पोथीतून शिकली होती. माणूस मोठा कष्टाळू होता आणि कडकही होता. शाळा भरली की मुलं एका सुरात क्रियापदांची रूपं म्हणत. मी पितो, तू पितोस, तो पितो. मी प्यालो, तू प्यालास, तो प्याला. एकही रूप चुकलं तर उन्हात उभं राहायचं.

त्या शाळेत सगुणा नावाची एक मुलगी होती. तिचे वडील धक्क्यावर दोरखंड वळायचे. सुरुवातीला एकदा तिनं विचारलं होतं, "गुरुजी, पण हे कुणी कधी कुणाला म्हणतं?"

"ते मागाहून कळेल," शास्त्रीबुवा म्हणाले. "आधी पाठ कर."

तिच्या शेजारच्या मुलानं एकदा "मला समजलं नाही" असं म्हटलं होतं. त्याला दुपार होईस्तोवर उन्हात उभं केलं आणि तो भोवळ येऊन पडला. तेव्हापासून त्या ओसरीवर तसं कुणी म्हटलं नाही. सगुणा तर मुळीच नाही. ती पाठ करत गेली. मोठी होता होता तिला सगळी पोथी तोंडपाठ झाली. सणासुदीला तिला देवळापुढे उभी करत, ती घडाघडा म्हणून दाखवी आणि लोक माना डोलावत. पण इतक्या वर्षांत त्या भाषेत तिनं कुणाला साधं "जेवलास का?" असंही विचारलं नव्हतं. तिलाही कुणी विचारलं नव्हतं.

एका वर्षी गावातल्या मुलांना ताप आला. छाती भरून यायची, श्वास घरघरायचा, मूल डोळे फिरवायचं. गावच्या वैद्यानं हात टेकले. सगुणेचा धाकटा भाऊ तानू आजारी पडला, मीठ विकणाऱ्या हौसाचा मुलगा पडला, घरोघरी अंथरुणं पडली. तेवढ्यात एक गलबत आलं आणि त्यावर त्या देशाची एक वैद्यबाई होती.

बाई लगेच किनाऱ्यावर उतरली. तिनं आठ-दहा मुलं तपासली आणि पेटीतून दोन औषधं काढली. एक होतं काळं तेल, दुसरी पांढरी पूड. भरती उतरायच्या आत गलबताला निघायचं होतं. सगळं गाव धक्क्यावर जमलं होतं. लोकांनी सगुणेला पुढे केलं.

बाई बोलू लागली. सगुणेनं कान टवकारले. हे पोथीतल्यासारखं नव्हतंच. शब्द एकमेकांत मिसळून वाहत होते. मधूनच एखादा ओळखीचा वाटे, पण तो पकडेपर्यंत पुढचे चार निघून जात. 'काळं' ऐकू आलं. 'पाणी' ऐकू आलं. 'मूल' ऐकू आलं. बाईनं तेलाचा बुधला उचलला, स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि काहीतरी कळकळीनं सांगितलं. सगुणेला वाटलं, बाई शपथेवर सांगते आहे.

मग बाईनं तिच्याकडे निरखून पाहत हळू आवाजात विचारलं. एवढं मात्र सगुणेला कळलं. बाई म्हणत होती, "समजलं?"

'नाही' हा शब्द तिला येत होता. तो ओठांपर्यंत आलाही. पण समोर सगळं गाव उभं होतं आणि पहिल्या रांगेत शास्त्रीबुवा होते.

"सगुणा, अडखळू नकोस," ते म्हणाले. "शाळेची लाज राख."

सगुणेनं मान हलवली. हो, समजलं.

बाईनं पुन्हा विचारलं. सगुणेनं पुन्हा मान हलवली. मग लोकांकडे वळून ती म्हणाली, "काळं औषध पाण्यातून पाजायचं. पूड अंगाला चोळायची."

लोकांनी हात जोडले. कुणीतरी म्हणालं, "पोरीनं गाव तारलं."

तानूला तिनं स्वतःच्या हातानं पाजलं. त्यानं तोंड फिरवलं, तेव्हा तिनं त्याची हनुवटी धरली. "थोडंच आहे रे, पी," ती म्हणाली. तो प्याला.

वारा पडल्यामुळे गलबत त्या दिवशी निघालंच नाही. दुसऱ्या सकाळी बाई मुलांना पाहायला पुन्हा गावात आली. पहिल्याच घरात तिनं काळा ओघळ असलेली वाटी पाहिली आणि ती किंचाळली. किंचाळत, धावत ती घरोघरी गेली, लोकांच्या हातातल्या वाट्या उडवत, तेलाचे बुधले ओतून देत. बरीच मुलं तशी वाचली. पाच वाचली नाहीत. त्यांत हौसाचा मुलगा होता आणि तानू होता.

बाईनं एका मुलाच्या छातीला तेल चोळून दाखवलं. पूड उकळलेल्या पाण्यात ढवळून चमचा त्याच्या ओठाला लावला. तेव्हा कुठे लोकांना कळलं, की काल बाईनं काय सांगितलं होतं.

शास्त्रीबुवा सगुणेच्या दारात आले. "अगं, 'पिणे' तुला सगळ्या काळांत पाठ होतं," ते म्हणाले. "मी स्वतः म्हणून घेतलं होतं तुझ्याकडून."

"होतं ना," सगुणा म्हणाली. "अजून आहे. म्हणून दाखवू?"

शास्त्रीबुवा मागे फिरले. त्यानंतर ओसरीवर शाळा भरली नाही.

गलबत बाईला मागे ठेवून गेलं. उरलेली मुलं उठून बसेपर्यंत तिनं जायचं नाही म्हटलं. सगुणा तिच्या हाताखाली राबू लागली. लोक तिच्याकडे पाहत नसत, तीही मान वर करत नसे. बाई भांडं दाखवून म्हणे, "पाणी आण." हात पोळल्यासारखा झटकून म्हणे, "गरम." फुंकर घालून म्हणे, "गार होऊ दे." तेच सावकाश, पुन्हा पुन्हा, रोजच्या कामात. एकदा बाई काहीतरी भराभर बोलून गेली आणि सगुणेचा हात थबकला. तिनं त्या भाषेत म्हटलं, "मला समजलं नाही."

बाई रागावली नाही. चुलीपाशी बसली आणि तेच सोपं करून, हातवारे करून पुन्हा सांगितलं. सगुणा तिथेच ओक्साबोक्शी रडली. त्या दिवशी धक्क्यावर एवढंच तर म्हणायला हवं होतं.

पुढच्या वाऱ्याला बाई गेली. गावाला शाळा तर हवीच होती आणि ती भाषा बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. सगुणेनं दोनदा नकार दिला, तिसऱ्यांदा ती ओसरीवर जाऊन बसली. तिच्यापुढे पोथी नव्हती. चूल होती, भांडी होती, मासे होते. ती त्या भाषेत मासा मागे आणि मुलं तिला भांडं आणून देत. मग सगळी हसत आणि पुन्हा शोधत. सगुणा हसत नसे. ती एकेकाच्या डोळ्यांत पाहत राही. कुणी उगाच मान हलवली तर तिला लगेच कळे आणि ती तेच वाक्य पुन्हा, आणखी सावकाश सांगे.

एका सकाळी हौसा आली. तिनं धाकट्या मुलीचा हात धरला होता. सगुणा उठून उभी राहिली.

"मी तुला माफ केलेलं नाही," हौसा म्हणाली. "करणारही नाही."

"हो, मावशी."

"पण हिला शिकव." हौसानं मुलीला पुढे ढकललं. "सगळं नाही आलं तरी चालेल. कळलं नाही तर 'कळलं नाही' म्हणायला शिकव."

सगुणेनं त्या मुलीला पुढच्या ओळीत जागा करून दिली. हौसा पाठ फिरवून मिठाची पाटी उचलायला निघून गेली.

तात्पर्य: जिथे 'मला समजलं नाही' म्हणायची मुलाला भीती वाटते, तिथे पाठांतर होतं, भाषा येत नाही, आणि त्याची किंमत शिकवणाऱ्यालाच मोजावी लागेल असं नाही.