पिवळीचा कडूपणा

"थूः! अगं मावशी, शेजाऱ्याला कुणी असलं कडू खायला घालतं का?" पोपट मासा तोंड वाकडं करत ओरडला.

"घातलं कुणी? तूच लचका तोडलास, मेल्या!" जन्मभर खडकाला चिकटून राहिलेली म्हातारी स्पंज, पिवळी, फणकारली.

समुद्राला अजून नावही नव्हतं, तेव्हाचं हे भांडण. वरून हिरवा उजेड झिरपत होता, झोपेत कूस बदलावी तसं पाणी हलत होतं. पिवळीच्या पोकळ्यांमध्ये कोळंबीची इवली पिल्लं पेंगत होती.

मासा लाडात आला. "सगळे तुला तुसडी म्हणतात. अंगात विष कशाला मुरवतेस? एक कोपरा तरी गोड कर, रोज येईन भेटायला."

"पलीकडच्या गुलाबीने ऐकलं होतं तुमचं. कुठंय ती?"

गुलाबीच्या जागी खडकावर नुसता पांढरा डाग उरला होता. माशाने तिकडे बघणं टाळलं. "तिला कुणी मारलं नाही गं. आम्ही सगळे फक्त थोडं थोडं चाखायचो."

पिवळीने पिल्लांना आत घेऊन तोंड मिटत आणलं आणि म्हणाली, "मला पळता आलं असतं ना बाबा, तर मीही गोड झाले असते."